शिडी आणि किटली

४ मे

चि. ठमीस नानांचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

संसदेच्या निवडणुकीला आपल्याच मतदारसंघाची अधिकारी म्हणून तुला नेमलंय, ही दवंडी तुझ्या आईने गल्लीभर पिटली. आयुष्यभर शिडीवर चढून भिंतींवर शिडीचं चिन्ह रंगवणाऱ्या पेंटरची तू मुलगी. उगाच कुणी बोट दाखवायला नको, म्हणून निकाल लागेपर्यंत तुझ्याकडे फिरकणार नाही.

शिडी इथे एकदाही निवडून आली नाही, यावरून तू मला लहानपणापासून चिडवतेस. यंदा मात्र हवा बदललीय, बाईसाहेब! शेजारचे कंपाउंडर विरोधी पक्षाचे, पक्के किटलीवाले, तेसुद्धा धास्तावलेत. गुडघ्यांनी दगा दिलाय, तरी मत द्यायला जाणारच म्हणतात.

माझा शिरस्ता तुला ठाऊक आहे. आधी सगळ्या गल्लीला केंद्रावर पोचवायचं, शेवटचं मत माझं. तू याला हट्ट म्हणतेस. असेल. पण त्याशिवाय काम पुरं झाल्यासारखं वाटत नाही.

कामाच्या नादात उपाशी राहू नकोस. आमचा जीव तुझ्यातच आहे.

नाना

१७ मे

ती. नानांस ठमीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

निकाल कळलाच असेल. कसा लागला, ते मला सांगू द्या.

मोजणी संपली तेव्हा शिडी आणि किटली बरोबरीत होत्या. पुन्हा मोजायला लावलं, बाद मतपत्रिका एकेक करून तपासल्या. पुन्हा बरोबरी! लाखो माणसं उन्हात रांगा लावून गेली आणि कुणाचंच पारडं तसूभरही खाली नाही. अंगावर काटा आला, नाना. त्यातून देशभर दोन्ही बाजू समसमान, सरकार याच जागेवर अडलेलं.

अशा वेळी अधिकाऱ्याने चिठ्ठी काढायची, असा कायदा आहे. तुमची हकिकत सांगून मी वरिष्ठांना विनवलं की दुसऱ्या कुणाला तरी पाठवा. ते म्हणाले की कायद्यात माझाच हात लिहिलाय.

काचेच्या बरणीत दोन सारख्या चिठ्ठ्या. हॉलमध्ये पंख्याची करकर तेवढी ऐकू येत होती. मी डोळे मिटले, तर तुमची रंगाने माखलेली बोटं दिसली. खरं सांगते, शिडी निघू दे असं वाटलं. निघाली किटली.

आता खुर्च्या उडणार, असं वाटलं. पण शिडीच्या उमेदवाराने उठून जिंकलेल्याचा हात हातात घेतला आणि मला पाणी आणून दिलं. एवढी सत्ता कागदाच्या एका घडीने ठरली आणि माणसं मुकाट घरी गेली! मी अजून त्यातून बाहेर आलेले नाही.

पण घरी यायचा धीर होत नाही. तुमच्या जन्मभराच्या खटपटीवर माझ्या हाताने पाणी पडलं. दाराशी आले तर माझ्याकडे बघाल ना?

तुमच्या मायेची वाट पाहणारी,
ठमी

२१ मे

चि. ठमीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

वेडी आहेस का? तुझ्या आईलाही न सांगितलेली गोष्ट ऐक.

मतदानाच्या दिवशी गल्ली उरकली, राहिलो मी आणि कंपाउंडर. त्यांना पाठुंगळी घेतलं. वाटभर माझ्या कानात किटलीचे गोडवे गात होते! केंद्राच्या फाटकाच्या आत उतरवलं तेव्हा कळलं की त्यांचा चष्मा वाटेत पडलाय. मी आणायला धावलो. परत येतो तो वेळ संपली, फाटक बंद. चष्मा गजांतून आत दिला आणि हसत घरी आलो. म्हटलं, एका मताने काय बिघडतंय.

बरोबरीची बातमी रेडिओवर ऐकली आणि हातातला ब्रश गळून पडला. ठमे, माझं मत पडलं असतं तर तुझा हात बरणीत गेलाच नसता. आणि चष्मा आणला नसता, तर कंपाउंडरांनी चुकून शिडीवर शिक्का मारला असता!

'एका मताची किंमत ओळखा' हे मी पोटासाठी किती भिंतींवर रंगवलं. परवा आपल्या कोपऱ्यावरच्या भिंतीसमोर उभा राहिलो आणि माझीच अक्षरं मला नवी वाटली. पुढच्या वेळी पहिलं मत माझं. मग कंपाउंडरांना नेईन, चष्मा दोरीने बांधून.

रविवारी ये. कंपाउंडर येतायत, सरकार आपणच आणल्याची फुशारकी मारायला. मारू दे. देशाचं सरकार ठरवणारा तो हात लहानपणी माझं बोट धरून चालायचा, यावर माझा विश्वास बसत नाही. मला तो एकदा हातात घ्यायचाय.

तुझी वाट पाहणारा,
नाना