शालीचा रंग

कर्वेनगर, पुणे
१२ जून २०२४

चि. मैत्रीस संभाजीकाकाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पाकिटावरचं तिकीट काढून भिंतीवरच्या युरोपच्या नकाशात हॉलंडवर टाचलं. फोनवरचं बोलणं विरून जातं, पत्र हाताशी राहतं, म्हणून तुला हा त्रास. स्केचपेनने लिहितोय, तेव्हा अक्षर दुकानाच्या पाटीसारखं दिसेल. काचबिंदूने डावा डोळा गेला. उजव्याला डॉक्टर दिवाळीपर्यंतची मुदत देतात. मार्केट यार्डात तोलणाराच्या नोकरीत चौतीस वर्षं काटा नीट बघून झाला, आता डोळे गेले तरी कुणाचं वजन कमी भरणार नाही.

एकच काम सांगतो. अप्पा बळवंत चौकातून आणलेलं आपलं जुनं चित्रांचं पुस्तक आठवतं ना? दर रविवारी तू डोळे मिटून नकाशावर बोट ठेवायचीस आणि त्या गावचं चित्र आपण पुस्तकात शोधायचो. तुझं बोट नेमकं बेल्जियममधल्या ब्रुजवरच कसं पडायचं, हे मला तेव्हाही कळत होतं. तिथल्या लहानशा संग्रहालयातली, खिडकीशी शेंगा सोलत बसलेली ती चित्रातली शालवाली बाई. तिला माझ्यातर्फे एकदा भेटून ये. आपला अभय हिंजवडीहून रविवारी आला होता, म्हणाला, बाबा, मोबाइलवर आत्ता दाखवतो. मी नको म्हटलं. मैत्री समोर उभी राहून बघेल आणि मला लिहील, असं त्याला सांगितलं.

जेवणाची हेळसांड करू नकोस. लोभ आहेच, तो असाच वाढू दे.

तुझा,
संभाजीकाका

*

आइंडहोवेन
२५ जुलै २०२४

ती. काकांस मैत्रीचा सविनय जय भीम. वि. वि.

तुमचं काम झालं! गेल्या शनिवारी ब्रुजला जाऊन आले. कालवे, हंस, विटांची घरं, सगळं आपल्या पुस्तकात होतं तसंच. तुमची बाई भेटली. खिडकीतून ऊन येतंय, ती शेंगा सोलतेय आणि अंगावर निळी शाल, प्रेमलाकाकूच्या निळ्या साडीसारखी, तुम्ही सांगायचात अगदी तश्शी. मी बराच वेळ बघत उभी होते.

ऑफिसचं काम फार आहे, म्हणून पत्र लहान. डोळ्यांत थेंब वेळेवर घाला, अभयदादाला फसवू नका. लोभ असू द्यावा, आहेच म्हणा.

तुमची,
मैत्री

*

कर्वेनगर, पुणे
१० नोव्हेंबर २०२४

चि. मैत्रीस अनेक आशीर्वाद.

हे पत्र शेजारच्या कल्याणीताई लिहून देताहेत. दिवाळीच्या आधीच उजवा डोळाही गेला. रडू नकोस, मला चहाचा कप सापडतो.

आता एक कबुली. आपल्या पुस्तकातलं ते चित्र काळंपांढरं होतं. तू सात वर्षांची होतीस, शाल कसल्या रंगाची म्हणून विचारलंस. मला ठाऊक नव्हतं. तुझ्यासमोर ठाऊक नाही म्हणायची लाज वाटली आणि मी निळी सांगून मोकळा झालो, कारण काकू तेव्हा निळ्या साडीत समोर बसली होती. मुलीला खोटं सांगितलं हे मला इतकी वर्षं टोचत होतं. काकूलाही कधी बोललो नाही.

आणि तुझं पत्र आलं की शाल खरंच निळी! उरलेल्या डोळ्याने ते मी स्वतः वाचलं, तीनदा. सोसायटीत पेढे वाटले. अभय पुन्हा मोबाइल घेऊन आला होता, बाबा अजून दिसतंय तोवर बघून घ्या म्हणाला. मी म्हटलं, मैत्रीने बघितलंय, आता मला बघायची गरज नाही.

कल्याणीताईंचा हात दुखला. पुरे करतो. आठवण ठेव.

तुझा,
काका

*

आइंडहोवेन
१ डिसेंबर २०२४

ती. काकांस मैत्रीचा सविनय जय भीम.

काका, मी जुलैत ब्रुजला गेले नव्हते. सुट्टी मिळाली नाही असंही नाही. मिळाली, ती मी झोपून आणि बाजारात हिंडून घालवली. तुमचं पत्र टेबलावर दिसलं की टोचायचं, म्हणून एकदाचं काहीतरी लिहून टाकलं. रंग तुमचाच तुम्हाला परत पाठवला. फोनवर बघायला दोन मिनिटं लागली असती, तेवढंही केलं नाही.

तुम्हाला दिसत होतं तोवर अभयदादा चित्र दाखवायला आला होता आणि तुम्ही माझ्या भरवशावर नको म्हणालात. हे मला कशानेही भरून देता येणार नाही. माफी मागायलाही तोंड नाही.

काल गेले. शाल निळी नाही. यार्डात तुम्ही मला हळदीच्या पोत्यांवर बसवायचात, शाल त्या हळदीच्या रंगाची आहे. हळकुंडांच्या नव्हे, दळलेल्या हळदीच्या. खांद्यावर उन्हाने उजळलेली, मांडीवर मळकी. बाई पुस्तकातल्यापेक्षा म्हातारी आहे आणि तिचं शेंगांकडे लक्ष नाही. हे सगळं मी तिच्यासमोर उभी राहून वहीत लिहून घेतलं.

लोभ मागायचा मला हक्क नाही.

मैत्री

*

कर्वेनगर, पुणे
२० डिसेंबर २०२४

चि. मैत्रीस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचताना कल्याणीताई मध्येच थांबल्या, पुढचं पान चिकटलंय म्हणाल्या. मी म्हटलं, वाचा. मग मी आठ दिवस उत्तर दिलं नाही. राग आला होता, खोटं कशाला बोलू? अजून थोडा आहे.

पण हळद म्हणालीस. चौतीस वर्षं ती माझ्या सदऱ्यावर, पापण्यांवर बसली, काकूने घासून घासून धुतली. दुसरा कुठला रंग असता तर आता मला आठवून बघावा लागला असता. हा मला दिसतो. फक्त काकूची निळी साडी त्या बाईच्या अंगावरून उतरवायला वेळ लागतोय, तिथे मीच ती नेसवली होती.

सोसायटीत काही सांगणार नाही. पेढे लोक खाऊन बसलेत. ते खोटं आपण दोघांत निम्मं निम्मं ठेवू.

बाईचं शेंगांकडे लक्ष नाही म्हणतेस, मग कुठे आहे? खिडकीबाहेर काय दिसतं? पुस्तकात तिथे नुसता पांढरा चौकोन होता. पुढच्या महिन्यात परत जा आणि बघून लिही. मला घाई नाही.

लोभ मागायला हक्क लागत नाही, वेडे.

तुझा,
संभाजीकाका