पहिल्या रांगेतले काका

ती. मावशीस,

तुझ्या गुडघ्यांना सध्या जमत नाही तेवढं वाकून माझा नमस्कार. मलमाचा उपयोग होतोय का? शेजारणीने सांगितलेले व्यायाम शेजारणीलाच करू दे. (तिचे गुडघे मी पाहिलेत.) आमच्याकडे सगळे मजेत, मी तर फारच, आणि त्याला कारण काका.

माझ्या कार्यक्रमाला तुला येता आलं नाही म्हणून तू त्यांना पाठवलंस, तेव्हा मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला होता, हे आता सांगायला हरकत नाही. चौघींचा संच सोडून मी एकटीने वाजवायचं ठरवलं तेव्हा "विजेवर पंखा चालतो, व्हायोलिन नाही," म्हणणारे तेच. शिवाय सभागृहाच्या व्यवस्थापकबाईंनी बजावलं होतं, की मध्यंतरानंतर निम्म्या खुर्च्या भरलेल्या दिसल्या तर दर महिन्याचा कार्यक्रम माझा. नाहीतर त्यांचा जादूगार तयारच आहे. म्हणजे सगळी भिस्त माझ्या पायांवर. (हो, पायांवरच. खाली एक डबा असतो. त्याचं बटण पायाने दाबलं की मी वाजवलेली ओळ तो पकडतो आणि तीच घोळवत बसतो. तिच्यावर मी दुसरी ओळ चढवायची, मग तिसरी. बाई एक, पण वाटाव्यात आठ.) ही बटणं मी नेहमी अनवाणी दाबते. पण "स्टेजवर अनवाणी गेलीस तर माझ्याशी बोलू नकोस," असा तुझा निरोप, आणि सोबत त्या जाड तळाच्या चपला. घातल्या, काय करणार.

पहिलीच रचना, अगदी हळुवार. दिवे मंद. आणि पहिल्या रांगेत, मानाच्या खुर्चीत, काकांचा डोळा लागला. निवेदनाचा माइक मी बंद करायला विसरले होते (एक वायर वाचवायला तोही त्याच डब्याला जोडलेला, अक्कल माझीच), आणि तो नेमका काकांच्या समोर. डब्याने माझ्या सुरांसोबत एक दमदार घोरणं पकडलं आणि इमानाने घोळवायला लागला. मी घाईघाईने ते पुसायला गेले; चपलेखाली काय आलं कळलंच नाही, दाबलं गेलं आवाज खर्जात उतरवणारं बटण. मावशी, खुर्च्या थरथरल्या. सभागृहात हत्ती निजल्यासारखं वाटत होतं. काका मात्र जागे झाले नाहीत.

लोक हसले. माझा चेहरा तापला, म्हटलं, आला जादूगार. पण जरा ऐकलं तर ते घोरणं लयीला पक्कं होतं. (आमच्या संचात इतकं पक्कं कोणी नव्हतं, त्यात मीही आले.) मग चपला भिरकावल्या, माइक बंद केला आणि त्याच ठेक्यावर ओळीमागून ओळ चढवत गेले. हळूहळू हसणं थांबलं, माना डोलायला लागल्या. संपलं तेव्हा लोक उभे होते. टाळ्यांनी काका दचकून उठले आणि सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवायला लागले. मध्यंतरानंतर एक खुर्ची रिकामी नव्हती. दर महिन्याचा कार्यक्रम माझा झाला, आणि व्यवस्थापकबाई विचारतात, "ते सुरुवातीचं खर्जातलं काय होतं हो?" मी म्हटलं, घरचंच आहे.

तुझी लाडकी (असं तूच म्हणतेस)
भाची

ता. क. पुढच्या महिन्यात काकांना पुन्हा पाठव. त्या दिवशी दुपारी त्यांना झोपू देऊ नकोस, आणि कारणही सांगू नकोस. एकेक सूर आपण डोळे मिटून ऐकला, असं ते सगळ्यांना सांगत सुटलेत. तुलाही सांगून झालं असेल.

आणखी एक. ते घोरणं मी डब्यात साठवून ठेवलंय, म्हणजे खरं तर त्यांच्यावाचून काही अडणार नाही. तरी पाठवच. आपलं एक माणूस समोर इतकं निर्धास्त झोपलेलं दिसलं, की माझा गज धरलेला हात कापत नाही.