मेहकरच्या रस्त्यावर सायकल

माय, तुझी नात आता अकरावीला मेहकरला जाते. एसटी आपल्या फाट्यावर येते तीच भरून, थांबत नाही. म्हणून ती सायकल मागत होती आणि मी दिवाळीपासून नाही म्हणत होते.

तू नर्सबाई होतीस. लसीचा डबा कॅरिअरला बांधून याच रस्त्यानं गावोगाव जायचीस. मला सायकल शिकवलीस तीही इथंच. मागून ट्रकचा हॉर्न वाजला की मी कडेच्या मातीत उतरायची. एकदा तू रागावलीस. "मातीत उतरू नको, घसरशीन. सरळ चाल. तू कुठं चालली हे त्याले दिसलं पाह्यजे." मी विचारलं, "अन् त्यानं पाह्यलंच नाही तं?" तू आवाजही चढवला नाहीस. "तं नाही पाह्यलं. तेवढं मनात धरूनच घरून निघा लागते. भेव सोबत घेतलं तं हात हालतात."

एका सकाळी तसंच झालं. लग्नाहून परतणारी कार, ड्रायव्हरला डुलकी लागलेली. तू सायकलवर कडेनं सरळ चालली होतीस. सगळे म्हणाले, बाईची काहीच चूक नव्हती. ते ऐकून मला तुझाच राग आला. चूक असती तर निदान ती टाळायला शिकता आलं असतं. त्यानंतर मी सायकलला हात लावला नाही.

मागच्या रविवारी लावला. पोरगी पुढे, शेवटी घेऊन दिलेल्या सायकलवर; शेजारच्यांची सायकल घेऊन मी मागे. रस्ता आता रुंद झालाय, गाड्या वारा मारत जातात. एक कार इतकी जवळून गेली की मी उतरलेच. पोरगी वळून आली. "मम्मी, काऊन थांबली? गेला ना तो बाजूनं." मी तिला तुझं पहिलं वाक्य सांगितलं, सरळ चाल, त्याले दिसू दे. पुढचं गाळलं. ती म्हणाली, "आजी सरळच चालली होती ना?" मी हो म्हटलं. तिनं ब्रेक दाबून पाहिला. मग म्हणाली, "तरी मले जा लागते."

सोमवारपासून जातेय. ती येईपर्यंत मी भाजी निवडते, घड्या घालते, शांत दिसते. काल तिच्या शर्टाच्या उजव्या बाहीवर काळा ओरखडा होता, गाडी घासून गेल्यासारखा. मी विचारलं नाही. खरं कळलं असतं तर आज तिला पाठवता आलं नसतं. हे घरात कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून तुला लिहितेय, पाठवायला पत्ता नसताना. शर्ट मी रात्रीच घासून धुतला.