चाळिसावा बिल्ला

३ फेब्रुवारी, सोमवार

आले एकदाची! दोन बॅगा, नकाशांची नळी, कुकर आणि मी. कंपनीने राहायला दिलेली जागा बराकीतच आहे, तळमजल्यावर, लांबलचक व्हरांड्याच्या अगदी टोकाला. दोन खोल्या, ओटा, मागे कपडे वाळत घालायला दोरी. आजवर मी दादाकडे राहिले, हॉस्टेलात राहिले, मैत्रिणीच्या पोटमाळ्यावर राहिले. स्वतःच्या हाताने कुलूप लावायची ही पहिलीच जागा. संध्याकाळपर्यंत ते कुलूप मी उगाच चार वेळा लावलं आणि काढलं.

कामही माझ्या पिंडाला मानवणारं आहे. लष्कराने ही जागा सोडून कित्येक वर्षं झाली. आता मैदानात बाग आणि पार्किंग होणार, बराकींचे फ्लॅट होणार. तोडफोड सुरू व्हायच्या आधी भिंत न् भिंत मोजून कागदावर उतरवायची, ही माझी नोकरी. साहेब, म्हणजे आमचे आर्किटेक्ट, म्हणाले की जुन्यातलं देखणं तेवढं ठेवू, बाकीचं फोटोत राहील.

रात्री आईला फोन केला. वीस तारखेला ती कायमची माझ्याकडे येणार आहे. दादाकडे तिला कोणी टाकून बोलत नाही, पण सहा वर्षं ती हॉलमधल्या दिवाणावर झोपते, आणि पाहुणे आले की पांघरूण गुंडाळून स्वयंपाकघरात जाऊन बसते. मी म्हटलं, आता तुला दार असलेली खोली. ती म्हणाली, दार घेऊन मी काय करू, उघडंच ठेवीन. पण तिचा आवाज ओला झाला होता. माझाही झाला.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज व्हरांडा मोजला. एकशे वीस फूट, एक इंचही इकडे तिकडे नाही. मजा म्हणजे दगडी फरशीत दर तीन फुटांवर दोन-दोन खळगे आहेत, टाचांच्या आकाराचे. मुकादमाने सांगितलं की शिपाई इथे रोज संध्याकाळी हजेरीला ओळीने उभे राहायचे, प्रत्येकाची जागा ठरलेली, टाचा आपटून आपटून दगड झिजला. मी सगळ्या जोड्या मोजल्या. एकोणचाळीस. चाळिसावी जागा माझ्या दारासमोर येते, तिथे मात्र दगड गुळगुळीत आहे.

फाटकावरच्या म्हाताऱ्या रखवालदाराला सगळे शिट्टीकाका म्हणतात, गळ्यात शिट्टी असते म्हणून. ती कोणी वाजवलेली ऐकली नाही. त्याला या जागेचं सगळं ठाऊक आहे म्हणे, पण उद्यापासून तो आठ-दहा दिवस रजेवर. आल्यावर गाठायचा.

८ फेब्रुवारी, शनिवार

घबाड सापडलं! जिन्याखालच्या कोठीत एक लाकडी फळा मिळाला. चाळीस खिळे, आणि पत्र्याच्या डब्यात पितळेचे गोल बिल्ले, नंबर घातलेले. फळ्यावर वर बारीक अक्षरात नियमही लिहिलाय: नंबर दिसत असेल तर माणूस आत, उलटा असेल तर बाहेर. साहेब फळा बघून लहान मुलासारखे खूश झाले. प्रवेशद्वारात लावायचा आणि सोमवारी माहितीपत्रकासाठी फोटो काढायचा, असं ठरलं.

दुपारभर चिंच आणि राखेने बिल्ले घासले. एकोणचाळीसच निघाले. चाळीस नंबर कुठेच नाही. साहेब म्हणाले, राहू दे, एक खिळा रिकामा असला तर काय बिघडतं? त्यांचं बिघडत नसेल. नकाशात एक चौकोन भरायचा राहिला तर मला जेवण जात नाही. शाळेत असतानाही दुसऱ्यांच्या वहीतल्या गाळलेल्या जागा मी भरून द्यायचे आणि शिव्या खायचे. नळकाम करणाऱ्याकडून पितळेचा तुकडा कापून घेतला, वर चाळीस ठोकला. मागच्या बाजूला दाभणाने ‘आई’ असं कोरलं. फोटो झाला की तिच्या खोलीच्या किल्लीला अडकवीन.

नंबर दर्शनी ठेवून टांगला. फळा भरला. असं बरं वाटलं म्हणून सांगू!

११ फेब्रुवारी, मंगळवार

फोटो झक्क आले. बिल्ला आई येईपर्यंत राहू दे तिथेच, शोभतोय.

व्हरांड्याच्या जुन्या दगडावर आजपासून करड्या टाइल्स बसवायला घेतल्या. मला खळग्यांचं वाईट वाटलं, पण नकाशात आहेत माझ्या.

साडेपाचला चहा टाकला होता तेव्हा दाराबाहेर बूट आपटल्याचा आवाज झाला. एकाचा नाही, रांगेचा, लांबून जवळ येत गेलेला. मला वाटलं कामगार पाय झटकतायत. बाहेर आले तर व्हरांड्यात कोणी नव्हतं. कामगार पाच वाजताच गेले होते. पोकळ जागेत आवाज घुमतो, दुसरं काय असणार.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी मुकादम टाइल्सवाल्याला फैलावर घेत होता. परवापासून बसवलेल्या टाइल्स दबल्या आहेत. टाइल्सवाला शपथा घेतोय की खाली दगड आहे, दबणार कशा? मी टेप घेऊन गेले. दर तीन फुटांवर. दोन-दोन.

चाळीस जोड्या आहेत.

शेवटची माझ्या दारासमोर. बाकीच्या बुटांच्या आहेत, रुंद, सरळ. ही लहान आहे, चपलेची, आणि उजवा पाय बाहेर वळलेला आहे. आई जिन्यावरून पडली त्याला आठ वर्षं झाली. तेव्हापासून तिचा उजवा पाय असाच पडतो. तिच्या सगळ्या चपला त्या बाजूने झिजतात. मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार?

खुळ्यासारखं काहीतरी लिहितेय. पण मी तिथे पाय ठेवलेला नाही. वळसा घालून घरात आले.

१५ फेब्रुवारी, शनिवार

शिट्टीकाका रजेवरून आला. आत शिरताना त्याची नजर फळ्यावर गेली आणि त्याने डबा तिथेच खाली ठेवला. चाळीस नंबर कोणी टांगला, एवढंच विचारलं. मी म्हटलं मी. मागे कोणाचं नाव आहे, असं विचारलं. त्याला कसं कळलं मागे नाव आहे? मी सांगितलं. तो पायरीवर बसला.

मग बोलला. त्याचे वडील इथे फाटकावर होते. तापाची साथ आली. माणसं पळून जाऊ नयेत म्हणून हुकूम निघाला की साडेपाचच्या हजेरीला चाळीसच्या चाळीस जागेवर असतील, त्याच दिवशी फाटक उघडायचं आणि सगळ्यांना दवाखान्यात हलवायचं. हुकूम निघाला त्याच दुपारी एक जण बिल्ला खिशात घालून भिंतीवरून पळाला. रोज गणती एकोणचाळीसवर थांबायची. फाटक उघडलं नाही. माणसं मरायला लागली तेव्हा बाकीचे मेलेल्यांना भिंतीला टेकवून जागेवर उभं करायचे, निदान आकडा तरी घटू नये म्हणून. त्यांच्या वतीने शेजारचा हजर म्हणायचा. शेवटी एकच आवाज राहिला, आणि मग तोही नाही.

ते अजून चाळिसाव्याची वाट बघतायत, असं काका म्हणाला. एकदा गणती भरली की ते जातील. आणि बिल्ल्यामागे ज्याचं नाव, त्या चाळिसाव्याला घेऊन जातील.

मी त्याला म्हटलं की असलं काही मी मानत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

बिल्ला काढला. पार्किंगच्या खांबाचा पाया भरत होते, त्या काँक्रीटमध्ये टाकला. डोळ्यांसमोर बुडला.

मग आईला फोन करून सांगितलं की येऊ नकोस. कारण काय सांगणार? जागा लहान आहे म्हटलं. कामाची गडबड आहे, तुझी अडचण होईल, थोडे दिवस थांब. बोलता बोलता कळलं की हे शब्द माझे नाहीत, दादाचे आहेत, सहा वर्षांपूर्वीचे, जसेच्या तसे. बरं, म्हणाली. तुम्हा दोघांची सोय बघून कळवा, म्हणाली.

‘तुम्हा दोघांची.’ मी ओट्यापाशी उभी राहून ढसाढसा रडले.

साडेपाच. बूट. या वेळी आकडेही ऐकू आले, वेगवेगळ्या आवाजांत. एकोणचाळीसनंतर शांतता. ती शांतता माझ्या दाराशी उभी होती.

१७ फेब्रुवारी, सोमवार

बिल्ला फळ्यावर आहे. कडेला काँक्रीट लागलंय.

उलटा केला. वळून पाहिलं तर सुलटा.

दुपारी दादाचा फोन. कधी नव्हे तो घाबरलेला. आठवडा झाला, आई रोज संध्याकाळी हातातलं काम टाकून उठते, दाराकडे तोंड करून उभी राहते. ताठ. टाचा जुळवून, म्हणजे उजवा पाय जुळेल तेवढा जुळवून. ओठ हलतात. काल वहिनीने अगदी जवळ जाऊन ऐकलं. ‘हजर’ म्हणते. मग बसते आणि विचारते, मी उठले कशाला? डॉक्टरकडे नेतो, म्हणाला.

मी विचारलं, किती वाजता.

साडेपाच, म्हणाला.

म्हणजे ती तिथे राहिली तरी सुटत नाही. मी तिला घरात आणायला म्हणून तिचं नाव कोरलं. माझ्या हाताने. रिकामी जागा बघवत नाही म्हणून!

१८ फेब्रुवारी, मंगळवार

काकाच्या पाया पडले. नाव कसं काढायचं सांग म्हटलं. काढता येत नाही म्हणाला. एकदा टांगलं की टांगलं. आणि आत्ता ती लांब आहे म्हणून फक्त ओठ हलतात, पण कितीही लांब ठेवली तरी एक दिवस ते तिला इथे ओढून आणतीलच. या जागेवर उभी राहून मोठ्याने बोलली की गणती भरली.

मग म्हणाला, जुना रिवाज होता एक. एकाच्या जागी दुसरा चालायचा. आजारी मित्राच्या जागी, भावाच्या जागी. फक्त त्याच्या आधी त्याच जागेवर उभं राहून आपल्या तोंडाने हजर म्हणायचं.

हे सांगताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही. त्याची बायको वाट बघत असेल म्हणून मी त्याला घरी जायला सांगितलं.

खोली आवरली. आईच्या पलंगावर नवी चादर घातली. का, ते माहीत नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी ४ —

दादाचा फोन. आई सकाळीच निघाली. कोणाला न सांगता. उशीखाली चिठ्ठी: पोरीचा आवाज बरा वाटला नाही, बघून येते.

अडचण होईल म्हटलं तरी. अडचण होईल म्हटलं म्हणूनच —

४.४० —

आली. रिक्षातून उतरली, हातात पिशवी, तोंडावर घाम. मला बघून म्हणाली, किती वाळलीस. मी मिठी मारली. जुन्या साबणाचा वास. तिला भिंतीच्या कडेने आत आणलं, त्या टाइलवर पाय पडू न देता. खोली दाखवली. पलंगावर बसली, चादर चाचपली, खिडकी उघडून बघितली, आणि म्हणाली, खरंच गं, माझीच?

हो म्हटलं. तुझीच.

५.१० —

चहा दिला. गप्पा मारता मारता मधेच थांबते. कान देते. बाहेर कोण जमतंय, म्हणते.

५.२० —

घराला बाहेरून कुलूप लावलं. माफ कर आई. दार असलेली खोली. किल्ली काकाकडे दिली, सहा वाजता उघड म्हणून सांगितलं. तो रडतोय. शिट्टी हातात घेऊन नुसता उभा आहे.

दादाला लिहिलं. तिला परत दिवाणावर झोपवू नको. एवढंच.

५.२८ —

जागेवर उभी आहे. वही भिंतीला टेकवून लिहिते. खळगा लहान आहे, माझी टाच मावत नाही. उजवा पाय बाहेर वळवला तेव्हा बसला.

ते आले. दिसत नाहीत. उन्हात नुसती धूळ — दर तीन फुटांवर — थांबलेली.

एक. दोन. तीन.

आतून आईच्या टाचा. जुळल्या. दारामागेच आहे ती, जेमतेम दोन फुटांवर — हाक मारतेय मला — नाही, हाक नाही, श्वास घेतेय, म्हणायला —

एकवीस. बावीस.

भीती वाटतेय. खूप वाटतेय. पळावंसं वाटतंय. फाटक उघडं आहे, दिसतंय इथून.

चौतीस

आई, दार उघडल्यावर उघडंच ठेव, तू म्हणाली होतीस तसं —

अडतीस

माझ्या शेजारी कोणीतरी टाच आपटली. एकोण

ह