सात ते सव्वासात

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे मनातल्या मनात घातला आहे, गोड मानून घे). मोतीबिंदूचा डोळा आता कसा आहे? तुझ्यासाठी अक्षर मोठं काढलंय, पण पत्र शेजारणीकडून वाचून घेऊ नकोस, विषय तसा नाही. लेकाकडे राहायला येऊन दोन महिने झाले आणि तेव्हापासून माझं पोट काही साफ होत नाही.

तू म्हणशील, चूर्ण घे आणि गप्प बस. पण चाळीस वर्षं शिलाई मशिनं दुरुस्त केलेल्या माणसाला ते कसं जमेल? टाका सुटायला लागला की एका वेळी एकच स्क्रू फिरवायचा, वहीत टिपायचं, मग दुसरा. सगळे एकदम फिरवले तर दोष कुठे होता ते जन्मात कळत नाही. पोटालाही मी तोच न्याय लावला. चार दिवस नुसतं पाणी वाढवलं (फेऱ्या वाढल्या, पण भलत्याच कामाच्या). ते बंद करून चार दिवस सालासकट फळं आणि पालेभाजी. तीही बंद करून चार दिवस चालणं, तर कोपऱ्यावरचा न्हावी रोज विचारायचा, आजोबा, पत्ता सापडला का?

शेवटी दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाई लहानच, पण त्यांनी माझी वही पहिल्या पानापासून वाचली (मला भरूनच आलं). म्हणाल्या, आजोबा, हे तिन्ही एकत्र करायचं असतं. रक्त पडतं का, वजन उतरलंय का, तेही विचारलं. तसलं काही नाही, घाबरू नकोस. गुडघ्याची गोळी बदलून दिली, आधीच्या गोळीनेही पोट धरू शकतं म्हणे. मग विचारलं, जावंसं वाटतं तेव्हा लगेच जाता का? मी पंख्याकडे बघत बसलो.

खरं सांगू? माझी वेळ आयुष्यभर सातची आणि इथे संडास एकच. सातला नात आत, तिची शाळेची बस असते. मग सून, तिला ऑफिस. मग लेक, तो पेपर घेऊन जातो, त्यामुळे त्याचं तर विचारूच नकोस. मी म्हणतो, जा बाबांनो, मी काय, दिवसभर रिकामाच. नऊला दार मोकळं होतं तोवर माझी कळ गेलेली असते. दोष सापडलाय ताई, पण हा स्क्रू फिरवायची हिंमत होत नाही. सून गुणाची पोर आहे. तिला वाटेल मला इथे अवघडल्यासारखं होतंय, आणि मला भीती वाटते की मीच तिला जड होईन. तेव्हा तूच फोनवर सहज विषय काढ, माझं नाव न घेता.

तुझा धाकटा

ता. क. फोन करू नकोस. वही जेवणाच्या टेबलावर राहिली आणि सुनेने वाचली. पानापानावर ‘सात वाजले. नात आत. थांबलो.’ आज सकाळी संडासाच्या दारावर नातीच्या अक्षरात कागद होता, ‘७ ते ७.१५ आजोबा’, आणि खाली सुनेच्या अक्षरात, ‘घाई करू नये.’ मी आत गेलो तर बाहेर तिघंही इतकी शांत उभी राहिली की काहीच झालं नाही. थोडा रडलो मात्र.

ता. क. २ लहानपणीही आपल्याकडे एकच होता. सातला तू मला पुढे सोडायचीस, ‘तू जा, मला घाई नाही’ म्हणून. आणि आई वर्षानुवर्षं तुला एरंडेल पाजत राहिली. त्याचं कारण मला परवा त्या पंख्याकडे बघताना कळलं. पुढच्या महिन्यात राहायला ये. कागदावर सातला तुझं नाव लिहून घेतलंय, मी सव्वासातला जाईन.