बर्च, नाक आणि बिरितचं ‘हो’

लुंड, १४ एप्रिल

तीर्थरूप अर्विददादास,

धाकट्या गुनिलाचा नमस्कार, आणि त्यामागोमाग दोन शिंका. तुझा गुडघा कसा आहे? तो दुखरा गुडघा घेऊन तू छपरावर चढलास असं मार्तावहिनीने कळवलं. (दुसरा घेऊन चढायची सोय नव्हती हे मी समजू शकते.) घोडी बरी आहे ना?

तुझं पत्र वाचलं. मला बर्चच्या परागाची ॲलर्जी, म्हणून मे महिन्यात घरी येता यावं यासाठी दारचा बर्च फुलोऱ्यावर येण्याआधीच पाडायचा, करवतीला धार लावून झाली, शेजारचा हॉल्वर ट्रॅक्टर आणणार, सगळं ठरलंय म्हणे. पणजोबांनी लावलेलं, घराची राखण करतं असं मानलेलं झाड. त्याची एक डहाळी मोडलीस म्हणून आजोबांनी तुझ्या कानाखाली वाजवली होती, आणि आता माझ्या नाकापायी अख्खं झाड. वाचून भरून आलं. पण जरा थांब, इथे काय झालं ते आधी ऐक.

माझं काम म्हणजे ‘गुनिला परक्यांची नाकं धुते’, असं तू गावभर सांगतोस. खोटं नाही. पण का धुते ते सांगत नाहीस. परागकण नुसता दार ठोठावतो. आरडाओरडा करतात त्या नाकातल्या नसा. त्यांच्या टोकांतून न्यूरोपेप्टाइड नावाचे प्रथिनांचे बारीक तुकडे सुटतात, मग नाक सुजतं, गळतं, दमेकऱ्याची छातीही भरते. नाक धुऊन त्या पाण्यात ते तुकडे किती आले हे मोजण्यात माझी बावीस वर्षं गेली. (आईला हे समजावलं तेव्हा ती म्हणाली होती, म्हणजे चहाडखोर नसा. तिच्याइतकं सोपं मला अजून कुठल्या निबंधात लिहिता आलेलं नाही.)

तर गेल्या मंगळवारी एक विद्यार्थी प्रयोगासाठी नाक घेऊन येणार होता, त्यात परागाचं पाणी सोडायचं आणि मग ते धुवायचं. पण नेमकं ऊन पडलं, आणि एप्रिलात ऊन पडलं की इथली पोरं भिंतीला पाठ टेकून, तोंड वर करून, डोळे मिटून बसतात. शास्त्र गेलं खड्ड्यात. म्हणून त्या खुर्चीत मीच बसले. माझी मदतनीस बिरित (पंचावन्न पार, थेट उत्तरेकडची) शेजारच्या खोलीत मिठाच्या पाण्यात कालवायच्या बर्चच्या परागांची बशी नाकासमोर धरून वजन करत होती. मी ओरडून विचारलं, झालं का? आता ही उत्तरेची माणसं ‘हो’ कशी म्हणतात ते तुला ठाऊक आहे, वहिनीचे वडील म्हणायचे तसंच: तोंडाने नाही, श्वास सर्रकन आत ओढून. बिरित तसं ‘हो’ म्हणाली आणि बशी साफ झाली. तिला कशाचीच ॲलर्जी नाही, साधी शिंकही आली नाही.

मला यातलं काही माहीत नव्हतं. नाकात थेंब पडले, मी डोळे मिटले, आणि आपलं दार दिसलं. पहाटे कॉफीची किटली घेऊन आई आपल्याला कुकू पक्षी ऐकायला रानात न्यायची. पश्चिमेकडून ओरडला तर वर्ष चांगलं, उत्तरेकडून ओरडला तर दुःखाचं, म्हणून तू कान झाकून घ्यायचास. आई गेल्यापासून चौदा वर्षं मी फक्त नाताळात येते, सगळं काळोखात आणि बर्फाखाली असताना. तो मे महिना मला इतका हवाहवासा वाटतो की लिहायलाही लाज वाटते. तर एकोणीस शिंका, डोळ्यांना धारा, नाक बंद. बिरित माझ्याकडे बघतच राहिली.

शुक्रवारी कॉफीच्या वेळी तिने कबुली दिली. “गुनिला, त्या दिवशी बशी रिकामी होती. मीच ओढली सगळी. तुझ्या नाकात गेलं ते नुसतं मिठाचं पाणी.” मी आधी रागावले, मग हसले, मग हातातला पाव खाली ठेवला. कारण धुवणाचे आकडे आले होते, आणि ते अस्सल परागाइतकेच चढलेले होते. दारात कोणी नसताना नसांनी हाकाटी केली होती.

तेव्हा माझा शास्त्रीय निष्कर्ष असा, की बर्च पाडून काही उपयोग नाही. वहिनीला आणि घोडीला माझी आठवण सांग.

तुझी,
गुनिला

ता. क. खरं तर याला प्रयोगाची गरज नव्हती. पराग वाऱ्यावर शेकडो मैल जातो. एक झाड पाडून काय होणार? माझ्या इथल्या खिडकीबाहेर अकरा बर्च आहेत आणि मे महिन्यात ती खिडकी मी उघडीच ठेवते. सकाळी ॲलर्जीची एक गोळी घेतली की दिवसभर डोळे कोरडे. हे तू कधी विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही.

ता. क. दुसरा. करवत जागेवर ठेव. तीन मेच्या दुपारच्या गाडीने येते, स्टेशनवर ये. त्या मे महिन्यात आईला मातीत ठेवलं त्या दिवशी मी सगळ्यांना सांगत होते, बर्चमुळे डोळे गळतायत. तूही म्हणालास, “आत जा, खिडक्या लावून घे.” मी गेले. दादा, त्या दिवशी मी सकाळीच गोळी घेतली होती.