सीट शिवणारा कारागीर

छोट्या,

गाडीची किल्ली फ्रिजवर आहे. मागच्या सीटची एक कड सुटली होती, तिला सकाळी गोंद लावलाय. संध्याकाळपर्यंत तिथे कोणाला बसवू नकोस.

जुन्या वळणाची ही इवलीशी गाडी तू हौसेने घेतलीस, तेव्हा आतून तिच्या पार चिंध्या झाल्या होत्या. तीन आठवडे गुडघे दुमडून मी तिच्यात बसलो. सीट शिवल्या, छताचं कापड ताणून बसवलं, दारांना क्रीम रंगाचं रेक्झिन लावलं. आणि काल तुझे साहेब घरी येऊन कौतुक करायला लागले, तर तू म्हणालास, "बाहेरच्या एका कारागिराकडून करून घेतलं." मी चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभा होतो! बाप शिंपी आहे हे सांगताना तुझी जीभ झडली असती का?

जाताना साहेबांनी मला हळूच विचारलं, "काका, त्या कारागिराचा नंबर मिळेल? माझ्याही गाडीच्या सीट फाटल्यात."

नंबर दिला नाही. टेप घेऊन मीच माप घ्यायला त्यांच्याकडे चाललोय. उद्या तू ऑफिसात पोचशील, तेव्हा त्यांना सगळं कळलेलं असेल.

जेवण झाकून ठेवलंय. गरम करून घे.

बाबा